झाकलेली तिसरी ताटली

व्हिएतनामच्या उत्तरेतल्या येन हा नावाच्या गावात कोंबडा आरवायच्या आधी लाम म्हाताऱ्याच्या पांघरुणाची घडी झालेली असते. घडी म्हणजे साधी चार पदरी नव्हे. नववर्षाला आपण पानात बांधून शिजवतो तो चिकट तांदळाचा बान्ह चुंग कसा चारी अंगांनी चौकोनी असतो, तशी. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, आणि वरून तळहाताच्या चापट्या. फौजेत शिकलेली ही घडी सत्तरी उलटली तरी सुटत नाही. त्याची बायको लुआ म्हणते, "माझ्याकडे बघायला यांना सवड नसते, पण पांघरुणाचे कोपरे रोज कुरवाळतात."

हे ती हसत म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली की बाई काही गोष्टी हसून म्हणते आणि काही म्हणतच नाही.

घरातला सगळा कारभार कोअरच्या शिस्तीने चालायचा. कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणारी मोठी फौज, आणि लामच्या लेखी सैन्याची पहिली कोअर. जगात आणखीही कोअर आहेत हे लामला माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं. परसातली बदकं म्हणजे पायदळ. कुत्रा म्हणजे संपर्कदल, कारण सांगण्यासारखं काही नसलं तरी तो कळवत राहायचा. जावई इंजिनियर दलात, कारण पाण्याचा पंप बिघडला की त्यालाच हाक जायची. आणि लुआ रसदीत. तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला कुठल्या दलात जायचंय. चुलीजवळ सापडली, तिथेच भरती झाली.

दर ऑक्टोबरात कोअरचा वर्धापनदिन यायचा. त्या दिवशी पहिल्या कोअरचे गावातले आणि आसपासचे जुने जवान लामच्या अंगणात जेवायला जमत. चटया अंथरायच्या, चटईवर मोठा गोल थाळा, थाळ्याभोवती सहा माणसं. सहा म्हणजे सहाच. फौजेत थाळा सहाजणांचा असतो, आणि सहावा बसेपर्यंत कुणी जेवायची काडी उचलायची नाही. लामच्या घरी हा नियम देवाच्या नियमापेक्षा कडक होता, कारण देव निदान उशिरा आलेल्याला माफ करतो.

काड्या उचलायच्या आधी लामचं व्याख्यान व्हायचं. नातवंडांना, शेजारच्या पोरांना गोळा करून तो थाळ्यावर कोअरची रचना समजावून सांगायचा.

"ही मधली मासळीच्या खाऱ्या रसाची वाटी, हे कोअरचं मुख्यालय. सगळ्यांना हिच्यातच बुडवावं लागतं. हिच्यावाचून कशाला चव नाही. भोवती या तीन ताटल्या, या तीन पायदळ डिव्हिजन. उकडलेली कोंबडी पहिली डिव्हिजन, मासा दुसरी. ही खारवलेली वांगी बघ, गोल आणि टणक, हे रणगाडे. मिरच्या म्हणजे तोफखाना. काड्या संपर्कदल, इकडचं तिकडे नेतात. आणि भाताचं पातेलं म्हणजे रसद."

"रसद थाळ्यावर का नाही आजोबा?" एखादं पोर विचारायचंच.

"रसद मागे असते. तिकडे, आजीजवळ."

"आणि ही तिसरी ताटली झाकलेली का?"

या प्रश्नाची लाम वाट बघत असायचा. तिसऱ्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातलेली असायची. "ही राखीव डिव्हिजन," तो म्हणायचा. "शहाणा सेनापती सगळं एकदम वाढत नाही. एक ताटली झाकून ठेवतो. वेळ आली की काढतो."

झाकलेल्या ताटलीत नेहमी लुआच्या हातचं बोकडाचं मटण असायचं, गवती चहा आणि आलं घालून परतलेलं. गावात त्याला तोड नव्हती. पण तिची वेळ येईपर्यंत कोंबडी झालेली असायची, मासा झालेला असायचा, तांदळाची दारू डोक्यात चढलेली असायची आणि म्हातारे पोटावर हात फिरवत चहा मागायला लागलेले असायचे. राखीव डिव्हिजन तशीच आत परत जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लुआ तिचं झाकण काढायची आणि ते गार, गोठलेलं मटण शिळ्या भाताबरोबर खायची. राखीव दलाची अशी गत अनेक वर्षं चालली होती, आणि कुठल्याही सेनापतीला तिचा पत्ता नव्हता.

लामचं त्या झाकलेल्या ताटलीवर एवढं प्रेम का, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

अमेरिकन गेल्यानंतर सैन्याने सुट्या सुट्या डिव्हिजन एकत्र बांधल्या आणि त्यांच्या कोअर केल्या. पहिली इथे आमच्याच डोंगरांत जन्मली, दुसरी खाली ह्युए शहराच्या बाजूला. मग चौथी, आणि तिच्यानंतर तिसरी. सैन्यात धाकटं भावंड थोरल्याच्या आधी जन्मू शकतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. युद्धाच्या शेवटच्या वसंतात हुकूम आला आणि पहिली कोअर ट्रकांत बसून अहोरात्र दक्षिणेकडे निघाली. दोन डिव्हिजन गेल्या. तिसरी उत्तर राखायला मागे ठेवली. लाम त्या तिसरीत होता, तोही कंपनीचा आचारी. त्याची कोअर दक्षिणेच्या राजधानीत, साइगॉनला पोचली तेव्हा तो येन हाच्या नदीवर होता. बांधाचं काम अर्धं राहिलं होतं आणि माती वाहणाऱ्यांसाठी तो भात शिजवत होता.

त्याने हे कधी लपवलं नाही. फक्त "आमची कोअर साइगॉनला पोचली" असं म्हणताना तो "आमची" या शब्दावर जरा जास्त वेळ थांबायचा.

आणि तेवढ्यात ख्वाय त्याला गाठायचा.

ख्वाय बांधाच्या पायथ्याशी राहायचा. दोघे एकाच वयाचे, एकाच शाळेतले, एकाच वर्षी भरती झालेले. पण ख्वाय गेला दुसऱ्या कोअरमध्ये. ती समुद्राकाठच्या रस्त्याने शहरामागून शहर घेत खाली उतरली, आणि ख्वाय रणगाड्यांच्या मागच्या ट्रकमधून, साइगॉन पडलं त्या दिवशी दुपारी, खरोखरच शहरात शिरला होता. तिथल्या अध्यक्षांच्या राजवाड्याचा रणगाड्याने पाडलेला दरवाजा त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यानंतर जे जे पाहिलं ते त्याला त्या दरवाजापुढे किरकोळ वाटत आलं होतं. बांधावरच्या चहाच्या टपरीत दोघांची रोज गाठ पडायची.

"काय राखीव दल, झोप झाली का?" ख्वाय हुक्क्याची नळी खाली ठेवत विचारायचा.

"आमची कोअर वयाने मोठी आहे. अदबीने बोल."

"मोठी आहे ना. म्हणून तर पोचली. तू कुठे होतास ते सांग."

"हुकूम होता."

"हुकूम होता, चिखल कालव. कालवलास. छान कालवलास हो."

टपरीवाली हसायची, लामही ओठ दाबून हसायचा आणि पुढचा चहा यायचा. रोजचं होतं ते. रोजचा टोमणा लागत नाही असं नाही, पण त्याला घट्टे पडतात.

एवढ्यावर थांबला तर तो ख्वाय कसला. दर वर्षी शरदात आपल्या अंगणातल्या झाडाची पहिली पपनसं काढून तो लामच्या फाटकाला टांगायचा आणि रस्त्यावरून ओरडायचा, "मागे राहिलेल्यांसाठी." लाम ती पपनसं तोंडात घालत नसे. पोरांना चेंडू म्हणून देऊन टाकायचा. लुआ मात्र त्यातलं एक पदराआड लपवून ठेवायची आणि सोलून खायची. फार गोड असायचं. ते टोमण्याचं फळ नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ते लामला सांगण्याचा प्रसंग कधी आला नाही. काही गोष्टी घरात अशाच राहतात.

मग एका वर्षाच्या अखेरीस, थंडीत, गावच्या कर्ण्यावर सकाळच्या बातम्या लागल्या. भातबियाण्याचे भाव झाले, डुकरांच्या लसीकरणाची तारीख झाली, आणि मग निवेदिकेने त्याच आवाजात सांगितलं की सैन्याची फेररचना होत असून पहिली आणि दुसरी कोअर एकत्र करून बारावी कोअर स्थापन करण्यात येत आहे.

लाम परसात बदकांना कोंडा घालत होता. हातातला कोंडा तसाच राहिला. बदकं त्याच्या पायांवर चढली तरी त्याला कळलं नाही.

लुआ दारात आली. "अहो, हे कसं हो? एक आणि दोन मिळून तीन होतात. बारा कसे झाले?"

लामने कोंडा तिथेच टाकला. आत गेला, भिंतीवरची कोअरची लाल पताका खिळ्यावरून काढली, गुंडाळली आणि कपाटात ठेवली. तिच्याखाली भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला. त्याच्याकडे बघत तो बराच वेळ उभा होता.

टपरीवर ख्वाय वाटच बघत होता. त्याला काय माहीत, आज घट्ट्याखाली मांस उघडं पडलंय. "या, या लामसाहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता आपण एकाच कोअरचे. म्हणजे तू पण साइगॉनला पोचलास की. घरबसल्या. आणि बारा लिहिताना बघ, एक पुढे, दोन मागे. आयुष्यात एकदा तरी माझ्या पुढे गेलास."

सगळे हसले. लामने चहाचे पैसे ठेवले, चहा न पिताच. उठला आणि बांधावरून सरळ घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुआने पाहिलं तर पांघरूण पलंगावर बोळा होऊन पडलं होतं.

ती घाबरली. खरंच घाबरली. या माणसाला न्यूमोनिया झाला होता तेव्हाही इस्पितळातल्या चादरीची घडी चौकोनी होती. थोरल्या भावाच्या प्रेतयात्रेच्या दिवशीही होती. तिने स्वतः ते पांघरूण उचललं, घडी घातली, पण तिची घडी काही चौकोनी होईना. तिने ते तसंच ठेवून दिलं आणि अंगणात जाऊन विनाकारण झाडू मारला.

तो टपरीवर जायचा बंद झाला. बदकांना नुसती बदकं म्हणू लागला. वसंत आला, गेला. पूर आले, ओसरले. पांघरुणाचा बोळा तसाच. लुआने एकदा विचारून पाहिलं, "ऑक्टोबरात थाळा मांडायचा ना?"

"कोअर नाही, वर्धापनदिन कसला?"

"माणसं तर आहेत."

"चार." तो म्हणाला. "मी, बहिरा थाव आणि ते दोघे भाऊ. गेल्या वर्षी जावयाला आणि पुतण्याला बसवून सहा केले, आणि तुझा जावई जेवताना फोनवर फुटबॉल बघत होता. मी तेव्हाच ठरवलं. सहा सैनिक जमले तर थाळा. नाही जमले तर कायमचा बंद. लुआ, पूर्वी पाच थाळे लागायचे आपल्याकडे. अंगणात पाय ठेवायला जागा नसायची."

त्याचा आवाज फाटला, आणि तो लपवायला त्याने कुत्र्याला उगाच हाड्हाड् केलं. लुआला त्याची इतकी कीव आली की तिने त्याला पुन्हा काही विचारलं नाही. पण थाळा एकदा बंद झाला की हा माणूस त्या भिंतीवरच्या चौकोनासारखा फिकट होत जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

शरद लागला. एके दिवशी सकाळी फाटकाला पपनसं दिसली. पण या खेपेला रस्त्यावरून आरोळी आली नाही. ख्वायची सून सायकलवरून येऊन गुपचूप टांगून गेली होती. लुआने ती काढली, हातात तोलली, आणि पदर खोचून आपली सायकल बाहेर काढली.

ख्वाय आपल्या पपनसाच्या झाडाखाली एकटा बसला होता. तिला बघून तो उठला. टपरीवरचा वाघ घरी असा दिसतो तर, तिला वाटलं.

"या वहिनी. लाम कसा आहे?"

ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय लुआला नव्हती. "भावजी, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते त्यांना फार लागलंय. पांघरूण घ्यायचं पण घडी करायची नाही, असं चाललंय."

"घडी नाही?" ख्वायचा चेहरा उतरला. फौजेतल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

"या झाडाची गोष्ट त्यांना माहीत नाही. तुमच्या आईने मला सांगितली होती, मरायच्या आधी. तुम्ही कधी सांगणार?"

ख्वाय झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवत राहिला. "सांगायचं असतं रोजच. तोंड उघडलं की टोमणाच बाहेर येतो. आता त्याची सवय झाली, त्यालाही आणि मलाही."

"मग यंदा टोमणा मारायला या. पण थाळ्यावर या. दाप भावजींनाही आणा, ते पण तुमच्याच कोअरचे. ते चार आणि तुम्ही दोघे. सहा होतात."

"त्याने बोलावलंय?"

"ते मेले तरी बोलावणार नाहीत. तुम्ही बदलीवर आल्यासारखे या. कर्ण्यावर हुकूम तर निघालाच आहे. पण एक सांगा मला, एक आणि दोन मिळून बारा कसे हो झाले?"

ख्वाय बऱ्याच दिवसांनी हसला. "बेरीज नाही केली वहिनी. नुसतं शेजारी शेजारी बसवलंय."

वर्धापनदिनाच्या सकाळी लाम बदकांकडून परत आला तेव्हा अंगणात चटई होती, चुलीवर मोठं पातेलं होतं आणि लुआ आलं ठेचत होती.

"हे काय? मी नको म्हटलं होतं."

"बोकड आणून झाला. कापून झाला. त्याला आता परत जोडू का?"

लाम तावातावाने काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात बहिरा थाव फाटकातून आत आला, छातीवर सगळी पदकं लावून. मागोमाग ते दोघे भाऊ, जुळे नसूनही जुळ्यांसारखे, एकसारख्या टोप्या घालून. त्यांना परत जा म्हणायची छाती लामची झाली नाही. तो चटईच्या कडेवर बसला. पताका मात्र त्याने बाहेर काढली नाही.

"चारच आहोत," तो म्हणाला. "चहा घ्या. जेवण घरी बांधून देईल ती."

"काय देईल?" थावने विचारलं.

"जेवण."

"हां, भूक लागलीच आहे," थाव म्हणाला आणि थाळ्याजवळ सरकला.

इतक्यात फाटक वाजलं. ख्वाय उभा होता. जुना हिरवा गणवेश, पोटावर बटण लागत नव्हतं ते सोडून बाकी सगळी लावलेली. टाचा जुळवून त्याने सलाम ठोकला.

"दुसऱ्या कोअरचा जवान ख्वाय, बाराव्या कोअरमध्ये बदलीवर हजर. राहायची सोय नको, जेवायची चालेल."

लामने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. लुआच्या हातातला बत्ता वर राहिला.

"उशीर झाला तुला," लाम शेवटी म्हणाला.

"आम्ही पोचतो ते..." ख्वायने जीभ चावली. "हो. झाला उशीर."

"दाप कुठाय?"

"दाप येत होता, पण काल लग्नात जेवला आणि पायाचा अंगठा टरारून सुजला. संधिवात. रडतोय तिकडे. मी एकटाच आलो."

लामने थाळ्याभोवती नजर फिरवली. मोजायची गरजही नव्हती. रिकामी जागा सगळ्यांना दिसत होती. "पाच," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जो थोडा उजेड आला होता तोही गेला. "पाचाचा थाळा नसतो. नियम तो नियम."

"जावयाला बोलवा," एक भाऊ म्हणाला.

"सैनिक हवा."

लुआ चुलीजवळ उभी होती. इतकी धडपड करून घोडं एका संधिवाताच्या अंगठ्यावर अडलं, म्हणून तिला हसावं की रडावं कळेना. तिने खाली बघून पातेल्यावर झाकण ठेवलं.

"वहिनी," ख्वाय म्हणाला, "हात धुवा आणि इथे बसा."

लामने मान वळवली. "ती कशी बसेल? ती रसद आहे."

"रसद?" ख्वाय चटईवर मांडी घालून बसला. "लाम, आज मला मधे तोडू नकोस. मला हे पुन्हा जमणार नाही. आम्ही खाली साइगॉनला होतो त्या पावसाळ्यात इथे नदी चढली. माझ्या आईच्या दारापासून बांध शंभर पावलांवर. बांध खचायला लागला तेव्हा तुझी डिव्हिजन पाण्यात उतरली आणि मातीच्या टोपल्या हातोहात द्यायला गावच्या पोरी. पाणी छातीपर्यंत. ते ओसरेपर्यंत त्या हलल्या नाहीत. आईने मला एकेकीचं नाव सांगितलंय. त्यात ही होती. तू नंतर चार दिवस आईला भात नेऊन दिलास, तेही सांगितलंय."

दोघा भावांनी टोप्या काढल्या. थावला काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यानेही पदकं सारखी केली.

"मी पोचलो, लाम. खरं आहे. पण परत यायला घर होतं, आई होती, अंगणात आईने लावलेलं पपनसाचं रोप होतं. ते बुडालं नाही म्हणून त्याची पहिली फळं तुझी. तीच म्हणायची, पहिली फळं त्याच्या फाटकाला. फाटकाशी आलो की मला लाज वाटायची, मग मी ओरडायचो काहीतरी." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मागे कुणी उभं नसतं, तर आम्ही पुढे कशाच्या जोरावर गेलो असतो?"

लाम उठला आणि आत गेला. सगळ्यांना वाटलं, झालं, चिडला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात गुंडाळलेली पताका होती आणि दुसऱ्या हातात एक वाडगा आणि काड्या. लग्नापासून आजवर त्याने घरातला वाडगा स्वतः आणल्याचं लुआला आठवत नव्हतं. त्याने तो थाळ्याच्या रिकाम्या बाजूला ठेवला आणि सरकून जागा केली.

"ये," तो म्हणाला. "इंजिनियर दल."

लुआने पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. मग येऊन बसली. आपल्याच अंगणात पाहुणी आल्यासारखी ती अवघडली होती, आणि गुडघे कुठे ठेवावे हे तिला समजत नव्हतं.

"सहा," थाव मोठ्याने म्हणाला. तेवढं त्याने बरोबर मोजलं होतं. त्याची काडी कोंबडीकडे निघाली.

"थांब." लामने त्याचा हात अडवला. मग त्याने तिसऱ्या ताटलीवरचं झाकण उचललं. वाफ निघाली आणि गवती चहाचा वास अंगणभर झाला. त्याने सगळ्यात चांगला तुकडा निवडला, खाऱ्या रसात बुडवला आणि लुआच्या वाडग्यात ठेवला. थाळ्यावर पहिला घास आजवर तिला कुणी वाढला नव्हता.

लुआने तो खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"इतकी वर्षं मी हे दुसऱ्या दिवशी गार खात आले," ती म्हणाली. "गरम असताना इतकं चांगलं लागतं, कुणी सांगितलं नाही मला."

कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं ते सांगत नाही. त्यातल्या एकाने मिरची चावली होती, आणि बाकीच्यांनी ती सबब उसनी घेतली. राखीव डिव्हिजन त्या दिवशी सगळ्यात आधी संपली. ख्वायने तर ताटली भाताने पुसून घेतली. पताका पुन्हा खिळ्यावर गेली. ख्वायने आपल्या कोअरची पताकाही आणली होती खिशातून, तीही शेजारी लावली. कुठली उजवीकडे यावरून दोघे इतके भांडले की शेजारी बघायला आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे लुआला थंडी वाजली म्हणून जाग आली. अंगावर पांघरूण नव्हतं. डोळे चोळून बघते तर पलंगाच्या पायथ्याशी दोन बान्ह चुंग शेजारी शेजारी, कोपऱ्याला कोपरा. एक त्याच्या पांघरुणाचा. दुसरा तिच्या.

"ऊठ," लाम अंधारात उभा राहून म्हणाला. "आता तू कोअरमध्ये आहेस."

"तरीच," लुआ पाय पोटाशी घेत पुटपुटली, "इतकी वर्षं रसदीत बरी होते मी."